पाण्याकाठचं घर : देखावा आपला, काठ सरकारचा

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने शेडुंगच्या पुढे निघालं की जमिनीच्या पाट्या सुरू होतात. ‘लेक व्ह्यू’, ‘रिव्हर टच’, ‘डॅम फेसिंग’, ‘क्लिअर टायटल’. गुंठ्याचा भाव मोठ्या अक्षरात असतो आणि खाली एजंटचा नंबर. पूर्वी या पाट्या वाचायला मुंबई-ठाण्याची माणसं येत. आता पनवेलकरही वाचतात. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं आणि 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी विमानं उडू लागली. ज्यांच्याकडे सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतून मिळालेला भूखंड होता किंवा विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात चार गुंठे होते, त्यांच्या हातात पैसा आला. तो पैसा आता पवनेच्या बॅकवॉटरला, मुळशीला, तापोळ्याला जाऊ पाहतो. ज्यांची मुलं कॅनडात किंवा युरोपात आहेत, त्यांच्या फोनवर तर तिकडच्या तळ्यातली अख्खी बेटंच विक्रीला दिसतात. पनवेलच्या फ्लॅटच्या किमतीत बेट, म्हटल्यावर कोणाचंही बोट थांबेल.

मोरबे धरणाचा काठ आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओतलं बेट यांत अंतर मोठं आहे, पण विकत घेणाऱ्यापुढचे प्रश्न तेच आहेत. घ्यायचा हक्क कोणाला, बांधायला किती मुभा, तिथवर वाट कोणाची आणि आपल्याआधी तिथे कोण होतं? हे चार प्रश्न घेऊन पनवेलपासून परदेशापर्यंत पाहिलं तर एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. पाणी जितकं जवळ, तितका भाव जास्त आणि मालकी पातळ. घेणारा भाव देखाव्याचा मोजतो, आणि देखावा खरेदीखतात कधीच लिहिलेला नसतो.

घेऊ कोण शकतं

आपल्याकडे सुरुवात 1948 च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम 63 पासून होते. शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची, बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत निवासी वापरासाठी दाखवलेल्या जमिनीला ही अट नाही, म्हणून विक्रेता ‘झोन आर आहे’ असं छातीठोक सांगतो. ते झोन दाखल्यावर तपासून घ्यावं. अटीचा भंग करून झालेला व्यवहार कलम 84 क खाली अवैध ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. विकणाऱ्याला पैसे मिळालेले असतात, नुकसान घेणाऱ्याचं होतं.

यावर निघालेली पळवाट म्हणजे सामायिक सातबारा. एका गटाचे कागदावर तीस तुकडे पाडायचे, रस्ते आखायचे, झाडं लावायची आणि प्रत्येकाला अविभक्त हिस्सा विकायचा. 1947 चा तुकडेबंदी कायदा नेमका अशा तुकड्यांच्या विरोधात आहे. नकाशावर तुमचा प्लॉट सतरा नंबरचा असतो, सातबाऱ्यावर मात्र तुम्ही तीस जणांतले एक असता. हद्द कायम मोजणीला भूमी अभिलेख कार्यालयात गेलात की हा फरक कळतो. रेरा कायद्याप्रमाणे 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी हवी. नोंदणी क्रमांक विचारला आणि ‘हा शेतजमिनीचा व्यवहार आहे, त्याला लागत नाही’ असं उत्तर आलं, तर तुम्ही नेमकं काय विकत घेताय ते त्याच उत्तरात आलं.

परदेशस्थ मुलांच्या नावाने घेऊ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गाठ आहे. अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक भारतात फ्लॅट, दुकान, बिनशेती प्लॉट घेऊ शकतात. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची मालमत्ता विकत घेऊ शकत नाहीत. वडिलांची शेती त्यांना वारशाने मिळते, शेजारचा गट खरेदीने मिळत नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या पनवेलच्या मुलाला परदेशातलं बेट घेणं एकवेळ सोपं, गाढी नदीकाठची अर्धा एकर भातशेती अवघड.

सातबाऱ्याची उजवी बाजू

एजंट सातबाऱ्यावरचं मालकाचं नाव दाखवतो. वाचायचा असतो तो ‘इतर हक्क’ हा रकाना. पनवेल, कर्जत, खालापूर पट्ट्यात तिथे तीन नोंदी हमखास भेटतात.

पहिली कुळाची. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम 43 ची बंधनं असतात. दुसरी आदिवासी खातेदाराची. या पट्ट्यात कातकरी आणि ठाकूर वस्त्या जुन्या आहेत. महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. कोऱ्या कागदावरचा अंगठा आणि मुखत्यारपत्र यांच्या आधाराने झालेले व्यवहार वर्षांनी उलटू शकतात, आणि ते उलटलेच पाहिजेत.

तिसरी नोंद सर्वांत फसवी, खाजगी वनाची. 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याने अनेक डोंगरउताराच्या जमिनी सरकारकडे गेल्या. सातबाऱ्यावर मात्र ते कित्येकदा दशकांनी उमटलं. 2014 मध्ये गोदरेज आणि बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या, न बजावलेल्या नोटिसांच्या आधारे जमीन वन ठरवता येत नाही असं म्हटलं. त्यामुळे काहींना दिलासा मिळाला, पण प्रत्येक गटाचा इतिहास वेगळा. पाण्याकडे उतरणारा, झाडीचा, शांत असा प्लॉट स्वस्तात मिळत असेल तर तो वनाच्या नोंदीमुळे स्वस्त आहे का, हे 1975 पर्यंतचे फेरफार काढून पाहावं. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट इथे अपुरा पडतो.

काठापासून किती लांब

जमीन तुमची झाली तरी बांधकाम ही वेगळी परवानगी आहे. शेतघर म्हणजे शेतीच्या सोयीसाठी बांधलेली इमारत. शहरांलगतच्या क्षेत्रात महसूल संहितेच्या कलम 41 नुसार 0.4 हेक्टरपेक्षा कमी जमिनीवर ते बांधता येत नाही. 0.4 ते 0.6 हेक्टरला 150 चौरस मीटर आणि त्यापुढे 400 चौरस मीटर ही मर्यादा आहे. म्हणजे साधारण एकराखाली शेतघर नाही. पाटीवर मात्र ‘पाच गुंठ्यांत फार्महाऊस’ लिहिलेलं असतं.

त्यावर क्षेत्राचे नियम चढतात. जानेवारी 2013 मध्ये विमानतळाभोवतीच्या गावांसाठी सिडकोला नैनाचं विशेष नियोजन प्राधिकरण केलं, तिथे परवानगी ग्रामपंचायत देत नाही. राज्याची 2020 ची बांधकामाची एकीकृत नियमावली नैनाला लागू नाही. 4 फेब्रुवारी 2003 च्या अधिसूचनेने माथेरानभोवतीचं सुमारे 215 चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलं, त्यात पनवेल आणि कर्जत तालुक्यांतला काही भाग येतो. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याभोवतीही असा पट्टा आहे. एका डोंगराच्या दोन बाजूंना दोन वेगळे कायदे असू शकतात.

आता पाण्याचं. नदीकाठी जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमध्ये बांधकाम निषिद्ध, निळ्या-लाल रेषांमध्ये नियंत्रित. ‘रिव्हर टच’ प्लॉटचा जो भाग नदीला टेकतो, त्याचे तुम्ही पैसे देता आणि नेमक्या त्याच भागावर काही बांधता येत नाही. पनवेलच्या खाडीकडे सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, आहे, आणि कांदळवनापासून 50 मीटरचा पट्टा उच्च न्यायालयाने 2005 पासून राखला आहे.

धरणाचा काठ तर मुळात कोणा खाजगी माणसाचा नसतोच. बुडित क्षेत्र सरकार किंवा धरण बांधणारी संस्था संपादित करते. तुमचा प्लॉट त्याच्या वर सुरू होतो. खालची हिरवळ, जिथे रविवारी खुर्च्या मांडतात, ती दुसऱ्याची. शिवाय धरण पाणी पुरवण्यासाठी असतं, देखाव्यासाठी नाही. मोरबे नवी मुंबई महापालिकेचं, पवना पिंपरी-चिंचवडची तहान भागवतं. मे महिन्यात पातळी उतरली की ‘लेक व्ह्यू’ला तडकलेला गाळ दिसतो. नदीचंही तसंच. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते ती पावसामुळे नव्हे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी टाटांच्या खोपोली वीजकेंद्रातून खाली सोडलं जातं म्हणून ती वाहते. ‘बारमाही नदी’ची हमी विक्रेता देतो, पण पाण्याची कळ त्याच्या हातात नसते.

बेटावर राहणं म्हणजे

बेटाचं आकर्षण असणाऱ्याने जगाच्या नकाशाआधी उरण तालुक्यात डोकवावं. घारापुरी हे मुंबई बंदरातलं, माणसांनी वसलेलं बेट. लेण्यांमुळे 1987 पासून जागतिक वारसास्थळ. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशा तीन वस्त्या. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना या बेटावर कायमची वीज पोचायला फेब्रुवारी 2018 उजाडलं, तीही समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळचे काही तास डिझेल जनरेटरवर. वारसास्थळाच्या 100 मीटरमध्ये बांधकाम निषिद्ध, त्यापुढचे 200 मीटर परवानगीने. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाही घर वाढवायचं तर कागदांची वारी. पावसाळ्यात लाँच बंद पडली की डॉक्टर, शाळा, बाजार सगळं पाण्यापलीकडे. सरकारला हजारभर माणसांसाठी जे करायला सत्तर वर्षं लागली, ते एका कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने करायचं, हा खाजगी बेटाचा खरा हिशेब आहे.

तळ्यातल्या बेटावर बांधल्याचं भारतातलं सर्वांत बोलकं उदाहरण केरळचं. अलप्पुळा जिल्ह्यात वेंबनाड सरोवरातल्या नेडियातुरुत बेटावर कापिको कंपनीने आलिशान रिसॉर्ट उभारला. कोळ्यांच्या जाळ्यांच्या जागा गेल्या, काठ बुजवला गेला. मच्छीमारांनी खटला लढवला. उच्च न्यायालयाने 2013 मध्ये पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये तो कायम केला आणि सप्टेंबर 2022 मध्ये हातोडा पडू लागला. ग्रामपंचायतीचा परवाना हातात होता, तरी किनारा नियमन कायद्यापुढे तो टिकला नाही.

सरोवरनगरीचा धडा

एकट्याने बांधण्यापेक्षा मोठ्या प्रकल्पात घर घेतलेलं सुरक्षित, असं वाटणाऱ्यांसाठी लवासा आहे. मोसे खोऱ्यात वरसगाव धरणाच्या काठावर हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या पुढाकाराने हे इटालियन वळणाचं शहर उभं राहिलं. थंड हवेच्या ठिकाणांसाठीचं राज्याचं विशेष धोरण पाठीशी होतं. तरी 25 नोव्हेंबर 2010 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली. वर्षभराने अटींवर मंजुरी मिळाली, पण लय तुटली ती तुटलीच. ऑगस्ट 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. जुलै 2023 मध्ये एक खरेदीदार मंजूर झाला, पैसे न भरल्याने सप्टेंबर 2024 मध्ये ती मंजुरीही रद्द झाली. यात ज्यांनी घरासाठी रक्कम भरली त्यांची अनेक वर्षं वाया गेली. सहाराच्या अँबी व्हॅलीवर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जप्ती आणि लिलावाचे आदेश दिले. दोन्ही ठिकाणी पैसा, नकाशे, वकील कशाचीच कमतरता नव्हती.

आता कोयनेच्या शिवसागराभोवती तापोळा परिसरात ‘नवीन महाबळेश्वर’ नावाने 235 गावांचं नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे दिलं गेलं. शेजारी कोयना अभयारण्य आणि 2010 चा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे आज जमीन घेणारा माणूस आराखड्याच्या अंदाजावर पैसे लावतो. आराखडा बदलला की त्याचा काठ हरित पट्ट्यात जातो.

आणि परदेशातलं बेट

आता फोनवरच्या जाहिरातींकडे. भारतातून परदेशी मालमत्ता घेणं बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली दरमाणशी एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर पाठवता येतात. ही योजना 2004 मध्ये 25,000 डॉलरवर सुरू झाली होती. घरातल्या चौघांची मर्यादा एकत्र करता येते, पण मग मालकीतही चौघं लागतात. या कामासाठी भारतीय बँकेचं कर्ज मिळत नाही. एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक 20 टक्के कर (टीसीएस) आधी घेते, तो प्राप्तिकरात वळता होतो पण तोवर पैसे अडकतात. विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंद करायची राहिली, तर 2015 च्या काळा पैसा कायद्याने 10 लाखांचा दंड होऊ शकतो.

हे झालं इथून निघणाऱ्या पैशाचं. तिकडे दार उघडं आहे का? थायलंड आणि फिलिपिन्समध्ये परक्याला जमीन घेता येत नाही. न्यूझीलंडने 2018 मध्ये परक्यांना बहुतेक घरं बंद केली. कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून परकीयांच्या घरखरेदीवर बंदी आणली आणि ती 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढवली. गंमत अशी की ही बंदी शहरी पट्ट्यांपुरती आहे, दूरच्या तळ्यावरचं सुट्टीचं घर तिच्यातून सुटतं. म्हणून जाहिराती खऱ्या असतात. पण ऑन्टॅरिओत ऑक्टोबर 2022 पासून परकीयाच्या घरखरेदीवर 25 टक्के जादा कर आहे. मोकळं बेट घ्या, त्यावर बांधा म्हटलं, तर काठालगतची 66 फुटांची जुनी रस्त्याची पट्टी अनेक ठिकाणी अजून सरकारची असते, तळ्याचा तळ सरकारचा, आणि सांडपाण्याचं शोषक्षेत्र पाण्यापासून निदान 15 मीटर लांब. बेट जेमतेम 60 मीटर रुंद असेल, तर घर आणि शौचालय बसवायला मधली चिंचोळी पट्टी उरते. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ धरेपर्यंत आणि वसंतात ते वितळेपर्यंत काही आठवडे असे येतात, की नाव चालत नाही आणि बर्फावरून चालताही येत नाही. घर विकत घेतलं म्हणून राहण्याचा व्हिसा मिळत नाही, हे वेगळंच.

फिनलंडकडे पाहा. 1,80,000 हून जास्त तळी असलेल्या या देशात सप्टेंबर 2018 मध्ये पोलिसांनी तुर्कूजवळच्या द्वीपसमूहातल्या एका कंपनीच्या मालमत्तांवर छापे घातले. मोक्याच्या जागांवर बेटं आणि जमिनी कोण गोळा करतंय, ही चर्चा पेटली. 1 जानेवारी 2020 पासून युरोपीय संघाबाहेरच्या खरेदीदाराला संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. स्वीडनमध्ये परक्याला खरेदीची मनाई नाही, पण समुद्र, तळं, नदी यांच्या काठापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला सर्वसाधारण बंदी आहे, कारण तिथे काठ सगळ्यांच्या फिरण्यासाठी राखलेला मानतात. कुळकायद्यातून सुटलेला माणूस तिकडच्या काठाच्या कायद्यात सापडतो.

आपल्याआधीचे

अशा आढाव्यात एक बाजू सहसा येत नाही. सह्याद्रीतली बहुतेक तळी माणसाने केलेली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या तळाशी गावं आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 पासून मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, जमीन वाचली नाही. कोयनेचे विस्थापित रायगड जिल्ह्यातही येऊन वसले. आज ज्या शिवसागराच्या काठावर शहरी माणूस जमीन शोधतो, त्याच्या पाण्याखालच्या गावांची नातवंडं आपल्या शेजारच्या तालुक्यात अजून पुनर्वसनाच्या कागदांसाठी खेटे घालतात. पनवेल-उरणला हे शिकवायची गरज नाही. सिडकोसाठी इथल्या गावांची जमीन गेली, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले आणि शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व पुढे आलं. ज्या तालुक्याने जमिनीचा मोबदला असा मिळवला, त्याने दुसऱ्याचा काठ घेताना किमान एवढं विचारावं की विकणारा राजीखुशीने विकतोय की त्याला दुसरा पर्याय नाही.

आणि डोंगर. पाणी दिसायचं तर घर उतारावर लागतं, उतार कापावा लागतो. 19 जुलै 2023 च्या रात्री मोरबे धरणाच्या वरच्या अंगाला इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसं बेपत्ता राहिली. ती वाडी काही उतार कापून वसलेली नव्हती, पिढ्यांची होती. मग पोकलेनने महिन्याभरात सपाट केलेल्या टेरेस प्लॉटच्या मातीवर किती विसंबायचं?

मग घ्यावं की नाही

सरसकट नको म्हणायचं कारण नाही. ज्याच्याकडे शेतकरी असल्याचा दाखला आहे, एकराच्या वरची सलग जमीन घ्यायची ऐपत आहे, जो दर आठवड्याला जाऊन तिथे काही पिकवणार आहे, त्याने पनवेल-खालापूरमध्ये जमीन जरूर पाहावी. त्याने पाहायच्या गोष्टी या क्रमाने. 1975 च्या आधीपासूनचे फेरफार, झोन दाखला, पूररेषेचा नकाशा, हद्द कायम मोजणी. आणि वाट. शेताला वाट नसेल तर तहसीलदाराकडे कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण तो निकाल यायच्या आत शेजाऱ्याशी वैर पक्कं होतं. म्हणून वाट कागदावर असेल तरच टोकन द्यावं. सगळ्यात शेवटी पाण्याचा देखावा.

ज्याला फक्त वर्षातले दहा दिवस पाणी बघत बसायचंय, त्याने घर भाड्याने घ्यावं. इथलं असो वा ऑन्टॅरिओतलं. जमीन, विहीर, कुंपण, राखणदार, घरपट्टी आणि चोरीला गेलेला पंप यांचा हिशेब करता ते भाडं स्वस्तच पडतं. परदेशी बेट घेण्याइतका पैसा असेल तर मुलं जिथे खरोखर राहतात तिथे, रस्त्याकडेला, बस थांबते अशा ठिकाणी घर घ्यावं. ते विकताही येतं. बेटाचं गिऱ्हाईक मिळायला वर्षं लागतात, कारण तेही हेच चार प्रश्न विचारत येतं.

पाट्या लागतच राहतील आणि भावही चढेल. विमानतळाच्या गावाला जमिनीचं वेड नवं नाही. पण काठावरच्या जमिनीचा भाव ठरवताना पाण्यापासून बांधकामयोग्य रेषेपर्यंतचं क्षेत्र आधी वजा करावं आणि एकूण किमतीला उरलेल्या गुंठ्यांनी भागून पाहावं. तो आकडा पटला तर घ्यावं, नाही तर पाटी वाचून पुढे जावं.